जयगडपर्यंत कापलेली फाइल

शंभर एमबीच्या वरची फाइल घेत नाही, असं मला लाल अक्षरांत पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी कप आपटला. आई आतून म्हणाली, कपाने काय केलंय तुझं? कपाने काही केलं नव्हतं. माझ्या बापाचा आवाज चारशे चौदा एमबीचा होता आणि तो दारातूनच परत पाठवला होता.

मी रत्नागिरीत राहते, बंदरापासून चालत दहा मिनिटांवर. घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी कोड लिहिते, पंधरा वर्षं हेच चाललंय. बाबा तांडेल होते. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस, त्याने मान हलवली की खलाशी हलतात. घरात तापट दोघंच, मी आणि बाबा, आणि आई आम्हा दोघांना पुरून उरते.

गेल्या श्रावणात बाबांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. स्वरयंत्र काढावं लागेल, माणूस राहील, आवाज राहणार नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि गणपती झाले की बघू म्हणाले. डॉक्टर म्हणाले, इतकं थांबायचं कशाला? तर म्हणे आरतीला आवाज लागतो. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी आईकडे बघितलं, आई पिशवीत रिपोर्ट भरत होती. म्हणजे ठरलं.

तेव्हा मी एका प्रकल्पात हौसेने काम करत होते. किनाऱ्यावरच्या जुन्या तांडेलांना ज्या खुणा पाठ आहेत, त्या त्यांच्याच आवाजात गोळा करायच्या. जीपीएस यायच्या आधी ही माणसं जमिनीवरच्या दोन गोष्टी एका रेषेत आणून पाण्याखालची खडप, म्हणजे खडकाची रांग, कुठे आहे ते ओळखायची. एखादा कळस आणि त्याच्यामागची डोंगराची सोंड, असं काहीतरी. प्रकल्पाचे प्रमुख पुण्याचे एक सर. हुशार माणूस, मेहनती माणूस, पण समुद्र सुट्टीत बघणारा. त्यांनी आवाज टिपायचं एक चांगलं यंत्र सगळ्यांत मिळून फिरतं ठेवलं होतं. माझ्याकडे ते आठवडाभर होतं.

बाबांना मी म्हटलं, एकेक खूण वेगळी सांगा, मी मध्ये बंद करत जाते. ते हसले. म्हणाले, असं नाय सांगत बाय. हे मला माहीत असायला हवं होतं, कारण लहानपणापासून आमच्या घरात हेच बघितलंय. तांडेल वाट सांगायला बसला की तोंडाने होडी सोडतो, आणि एकदा सोडली की ती परत बंदराला लावल्याशिवाय थांबायचं नाही. मध्ये कुणी उठायचं नाही, पाणी मागायचं नाही, दारात कुणी आलं तर त्याने तिथेच उभं राहायचं. बोलण्यात का होईना, होडी अर्ध्या दर्यात सोडून जेवायला उठणं आमच्याकडे कुणाच्या बापाला जमलेलं नाही. याला कुणी अंधश्रद्धा म्हणा, मला फरक पडत नाही.

तर दुपारी बाबा ओटीवर बसले. आईने सरंग्याच्या तुकड्यांना मीठ-मसाला लावून ठेवला आणि तवा न तापवता दाराशी येऊन बसली. बाबांनी बंदरातून दोर सोडला. मिऱ्याचा डोंगर उजव्या हाताला घेतला, काळबादेवी, आरे-वाऱ्याची सुरूची झाडं, पुळ्याच्या देवळाचा कळस, मालगुंड, असं करत जयगडच्या बत्तीपर्यंत, म्हणजे दीपगृहापर्यंत गेले. घसा खरखरत होता. मध्ये दोनदा खोकले, पण थांबले नाहीत. जयगडला होडी वळवली आणि तसेच एकेक खूण सांगत खाली आले. एकेचाळीस मिनिटं. मी यंत्र बंद करायचं बटण दाबलं तेव्हा आत तवा तापला होता आणि माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या.

ती फाइल मी प्रकल्पाच्या फोल्डरात टाकली, तिची नोंद केली, आणि तिथून वर पाठवायला गेले तर हे शंभर एमबीचं.

ज्यांना या कामाची ओळख नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही कोडवाले काम एका सामायिक वहीत ठेवतो असं समजा. कुणी काय लिहिलं, कधी बदललं, सगळं त्यात राहतं. एखादी गोष्ट तुम्ही काढून टाकलीत, तर काढून टाकल्याची नवी नोंद होते, आणि जुनी मागच्या पानावर तशीच राहते. कोडला हे झकास. कोड म्हणजे नुसती अक्षरं, त्याचं वजन ते किती. आवाजाच्या मोठ्या फाइली तिथे टाकल्या की ज्याला ज्याला ती वही हवी त्याला तेवढं ओझं घरी न्यावं लागतं. म्हणून ही वही ज्या साइटवर असते ती एका फाइलवर हद्द घालते. हे सगळं मी नव्या पोरापोरींना शिकवत आलेय, मोठ्या आवाजात शिकवत आलेय. त्यांच्या फाइली अडल्या की मी हसायचे.

सरांना फोन केला. ते म्हणाले, मॅडम, हद्द साइटची आहे, माझी नाही, पण खरं सांगायचं तर मलाही एवढी मोठी फाइल नकोच आहे. एकेचाळीस मिनिटं कोण ऐकणार? खुणेप्रमाणे तुकडे करा, पुढचं-मागचं बोलणं काढा, आणि परतीच्या वाटेवर त्याच खुणा पुन्हा येतायत, ते डुप्लिकेट आहे, ते उडवा.

डुप्लिकेट. हा शब्द ऐकला की आम्हा लोकांचा हात आपोआप पुसायच्या बटणाकडे जातो. मला तेव्हा काहीसुद्धा खटकलं नाही, हे लिहिताना आज लाज वाटते. घरात गणपतीची साफसफाई चालली होती, बाबांच्या तपासण्या चालल्या होत्या, ऑफिसचं काम उरावर होतं. मी दोन दिवस बसून चौदा तुकडे केले. मिऱ्या एक तुकडा, आरे-वारे एक तुकडा. शेवटचा तुकडा जयगडची बत्ती. परतीचा सगळा भाग गाळला. मूळ फाइल फोल्डरातून काढून टाकली, तुकडे ठेवले आणि वर पाठवायला गेले.

पुन्हा नकार. त्याच फाइलचं नाव, तेच चारशे चौदा. अर्थात. मी ती आज काढली होती, पण मागच्या पानावर होतीच. जे मी दुसऱ्यांना शिकवते तेच मी विसरले होते, आणि माझं डोकं फिरलं.

सर म्हणाले, सोपं आहे, मागच्या नोंदी साफ करायची आज्ञा चालवा. ती फाइल कधी होतीच नाही असं होऊन जाईल.

वाक्य साधं आहे. रोज कुठे ना कुठे कुणीतरी कुणाला हे सांगतं. पण त्या दिवशी सकाळी मी बाबांना घेऊन तपासणीला जाऊन आले होते, आणि कधी होतीच नाही हे ऐकून माझी कानशिलं तापली. मी म्हटलं, नाही चालवणार. सरांनी विचारलं, का? मी म्हटलं, नाही चालवणार म्हणजे नाही चालवणार. कारण माझ्याकडे नव्हतं. तो निव्वळ राग होता, आणि राग आला की मी कारण शोधत बसत नाही. तो फोल्डर तसाच टाकला, दुसऱ्या जागी वहीची नवी कोरी प्रत उतरवली, तिच्यात चौदा तुकडे टाकले आणि वर पाठवले. गेले. मेसेजवर सरांचा अंगठा आला. यंत्र मी एसटीच्या पार्सलने मंडणगडच्या एका शिक्षकांकडे पाठवून दिलं, पुढची पाळी त्यांची होती.

गणपतीत बाबा असे ओरडले की वाडीतली माणसं आरती सोडून त्यांच्याकडे बघत होती. विसर्जनानंतर चौथ्या दिवशी आम्ही मुंबईला गेलो. ऑपरेशन व्यवस्थित झालं. बाबा परत आले ते गळ्याला जाळीची पट्टी बांधून आणि हातात पाटी घेऊन. मी चांगला टॅब घेऊन देते म्हटलं होतं, त्यांनी पाटी मागितली. पेन्सिल दाबून लिहायचे, इतकी दाबून की आई म्हणायची, पाटीला भोक पडेल.

महिन्याभराने त्यांनी पाटीवर लिहिलं, माझी वाट लाव. म्हणजे वाट सांगितलेली ती लाव. मला आनंदच झाला. लॅपटॉप ओटीवर आणला, प्रकल्पाचं पान उघडलं, किनाऱ्याचा नकाशा, त्यावर चौदा ठिपके, ठिपक्यावर बोट ठेवलं की आवाज. काय दिमाख माझा. बाबा त्यांच्या जागेवर बसले, आई दाराशी येऊन बसली. मी एकामागून एक ठिपके लावत गेले. स्वतःचा आवाज ऐकताना बाबांचे डोळे बारीक झाले, पण ते हलले नाहीत. मिऱ्या गेला, सुरू गेले, मालगुंड गेलं. जयगडची बत्ती आली, खूण सांगून झाली आणि तुकडा संपला.

मी म्हटलं, कसं वाटलं?

बाबा थांबले होते. आईसुद्धा उठली नाही. मला वाटलं भरून आलंय त्यांना. मग बाबांनी पाटी ओढली आणि लिहिलं: होडी कुठाय?

मी समजावायला गेले. म्हटलं बाबा, साइटची हद्द असते, परतीला त्याच खुणा होत्या, दोनदा कशाला. मी बोलत होते आणि माझं मलाच ऐकू येत होतं की मी काय बोलतेय. बाबांनी पाटी भिंतीला टेकवून ठेवली, अक्षरं माझ्याकडे करून, आणि आत निघून गेले. त्या पाटीला त्यांनी पुढे हात लावला नाही. काही हवं असलं तर बोटाने दाखवायचे.

आई उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "माणूस जयगडला सोडून आलीस तू."

तिने आवाजही चढवला नव्हता. मी त्या रात्री जेवले नाही असं लिहिलं तर खोटं ठरेल, जेवले.

दुसऱ्या दिवशी मूळ फाइल शोधायला बसले. नव्या प्रतीत ती नव्हतीच. डेस्कटॉपवर नव्हती, कारण मी ती कॉपी न करता उचलूनच फोल्डरात ठेवली होती. कचऱ्याच्या टोपलीत नव्हती, कारण आज्ञेने काढलेली फाइल टोपलीत जात नाही. मंडणगडच्या शिक्षकांना फोन केला. बिचारे फार भले गृहस्थ, म्हणाले, ताई, कार्ड भरलंय असं यंत्र दाखवत होतं, म्हणून मी सगळं पुसून सुरुवात केली. त्यांचा काय दोष? मी फोन ठेवला आणि ओटीच्या पायरीवर बसून रडले. बापाचा आवाज एकदाच मिळणार होता, तो मिळाला होता, आणि मी तो साफसूफ करून अर्धा घालवला होता. हे मी, पंधरा वर्षं फाइली सांभाळायचा पगार घेणारीने.

मग आठवलं, मी ती आज्ञा चालवलीच नव्हती.

जुना फोल्डर तिथेच होता. रागाने टाकलेला, धूळ खात पडलेला. मागच्या पानावरची फाइल परत काढायला एक ओळ लिहावी लागते. ती ओळ मी तीनदा चुकले. आणि आली. चारशे चौदा एमबी, एकेचाळीस मिनिटं. शहाणपणाने वागले असते तर ती गेली असती. माझ्या तापट डोक्याबद्दल लोक मला काय काय ऐकवत आलेत, त्या सगळ्यांना मला तेव्हा फोन करायचा होता.

घरच्यांना लगेच सांगितलं नाही. आधी हेडफोन लावून परतीचा भाग नीट ऐकला, पहिल्यांदाच. टिपताना मी यंत्राच्या आकड्यांकडेच बघत होते. आणि कपाळाला हात लावला. सगळ्या खुणा उलट्या क्रमाने होत्या हे खरं, पण एकही खूण तीच नव्हती. जाताना कळसामागे दिसणारी डोंगराची सोंड येताना दिसतच नाही. दुपारचा वारा सुटलेला असतो, होडी मासळीने भरलेली असते, खाली बसलेली असते. आरे-वाऱ्यासमोर बाबा म्हणतात, "जाताना ही खडप तुला दिसते. येताना ती दिसत नाय, आणि तू घरच्या घाईत असतोस. म्हणून येताना जास्त जपायचं." हे आम्ही डुप्लिकेट म्हणून काढलं होतं. नकाशावर ठिपका देऊन, जगाला जायची वाट सांगून यायची वाट काढून टाकली होती.

सरांना फोन केला. आधी चांगल्या शब्दांत सांगितलं. मोठ्या फाइलींसाठी वेगळी सोय असते, वहीत फक्त छोटी चिठ्ठी राहते आणि खरी फाइल दुसऱ्या कोठारात, ती सोय आपण सुरू करू, सगळं मी करते. सर म्हणाले, एका फाइलसाठी सगळ्यांची पद्धत बदलता येणार नाही, बाकीच्यांनी तुकडेच दिलेत, आणि मॅडम, तुम्ही थोड्या भावनिक होताय.

"हो, होतेय," मी म्हटलं. "तो माझा बाप आहे. पण ते बाजूला ठेवा. उद्या एखादा तुमच्या नकाशावर विसंबून जयगडला गेला, तर त्याला परत कोण आणणार आहे, तुम्ही?"

मग मी म्हटलं की माझे चौदा ठिपके मी काढून घेतेय. घ्यायचं तर अख्खं घ्या, नाहीतर जागा रिकामी ठेवा. बाकीच्या तांडेलांचंही परतीचं बोलणं तुम्ही उडवलंय का ते एकदा तपासा. ते बघू म्हणाले. त्यांचं बघू अजून चालू आहे. मधे एकदा मंडणगडच्या शिक्षकांचा फोन आला होता, की त्यांनी एका म्हाताऱ्या तांडेलांकडे पुन्हा जाऊन सगळी वाट न तोडता टिपली, आणि ती फाइल कुठे ठेवू? मी म्हटलं, माझ्याकडे पाठवा.

कारण तोवर मी माझी स्वतःची वही उघडली होती, मोठ्या फाइलींची सोय करून. बाबांची फाइल वर चढवायला लागले. आमच्याकडचं नेट ते, सकाळी सुरू केलेलं दुपारपर्यंत रांगत होतं, मध्ये दोनदा वीज गेली. मी हलले नाही. चढली एकदाची. मग दुसऱ्या लॅपटॉपवर कोरी प्रत उतरवून, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत आहे ना ते बघितलं. यावेळी कुणाच्या अंगठ्यावर विश्वास ठेवला नाही, स्वतःच्या तर नाहीच.

मग बाबांना हाताला धरून ओटीवर आणलं. पाटी भिंतीला तशीच टेकलेली होती, होडी कुठाय. मी आईला हाक मारली. तिने बघितलं, आत गेली, माशाच्या तुकड्यांना मसाला लावला आणि दाराशी येऊन बसली. मी लावलं.

एकेचाळीस मिनिटं कुणी उठलं नाही. शेजारीण वाटी घेऊन आली होती, ती अंगणात तशीच उभी राहिली. जयगडला बाबांच्या आवाजाने होडी वळवली तेव्हा बाबांनी हात मांडीवरून उचलला आणि सुकाणूची मूठ धरल्यासारखा हवेत धरला. आरे-वाऱ्यासमोर ते पुढे झुकले. मिऱ्या मागे पडला. बंदर आलं. लॅपटॉपमधून बाबांचा आवाज, दमलेला, खरखरीत, म्हणाला, "लागली होडी. उठा आता." त्याच्यामागून पावलं वाजली आणि थोड्या वेळाने तव्यावर मासा पडल्याचा चर्र आवाज आला. तोही मी तेव्हा परतीच्या वाटेबरोबर कापला होता.

आई उठून आत गेली. थोड्या वेळाने तोच आवाज आतून आला.

बाबा बसून होते. मग त्यांनी पाटी ओढली, मांडीवर घेतली आणि तळहाताने पुसली.